पंधरा दिवसांत मसुदा

आमच्या पाटण भागात वाटणीचं बोलणं निघालं की म्हातारी माणसं उठून गोठ्याकडं जातात. ‘मृत्युपत्र’ हा शब्द तर कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. नाव काढलं की यमाला सांगावा जातो, अशी समजूत. १९९५च्या संक्रांतीनंतर माझ्या चुलत्यांचं, म्हणजे आबांचं, लालबागहून कार्ड आलं. ‘मृत्युपत्र करायचं हाय. रजा काढून ये. येताना सातबारा आण.’ आईला वाचून दाखवलं, तर तिनं आधी देवापुढं दिवा लावला आणि मग विचारलं, ‘‘लई आजारी हायत का?’’

आबांनी अंथरूण धरलेलं नव्हतं. पण गिरणीच्या साचाखात्यात पंचवीस वर्षं कापसाची धूळ गिळलेल्या माणसाची छाती जशी वाजते, तशी त्यांची वाजायची. जिना चढून आले की पाच मिनिटं दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे.

आमचे वडील धरून तिघं भाऊ. बहीण नाही. सगळ्यात थोरले मुंबईला आधी गेले, त्यांनी लालबागला चाळीत भाड्यानं खोली घेतली. मधले आबा त्यांच्या मागं गेले. धाकटे माझे वडील, ते गावी जमिनीपाशी राहिले. थोरले चुलते लवकर वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आबांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि आबांनी पुन्हा लग्न केलं नाही. खोलीत उरले दोघं, आबा आणि त्यांची विधवा वहिनी, म्हणजे आमची थोरली काकी. भाडेपावती थोरल्या चुलत्यांच्या नावावरून आबांच्या नावावर गेली. काकीच्या नावावर करावी, हे त्या काळी ना घरमालकाच्या डोक्यात आलं, ना आमच्या कुणाच्या.

काकी खानावळ चालवायची. पंधरा-सोळा कामगार दोन पाळ्यांत जेवायला यायचे. गिरणगावात अशा बायका गल्लोगल्ली होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. काकीनंही त्यातून कर्ज घेऊन मोठी पातेली घेतली होती. पहाटे चारला तिचा स्टोव्ह पेटायचा तो रात्री साडेदहाला विझायचा.

मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणून पडले आणि वर्ष उलटलं तरी भोंगा वाजला नाही. काकीच्या खानावळीतले निम्मे गडी उधारी ठेवून गावाला गेले. उरलेल्यांना ती जेवू घालत राहिली. आबांचा पगार बंद. तेव्हा काकीनं हातातल्या पाटल्या मोडल्या, दुसऱ्या वर्षी बोरमाळ मोडली. आबा दीड वर्ष तिच्या चुलीवर जेवले. संपानंतर त्यांना गिरणीनं परत घेतलं नाही. हिशेबाचे पैसे बऱ्याच वर्षांनी हातात पडले. ते त्यांनी बँकेत ठेव म्हणून टाकले आणि गिरगावात एका इमारतीवर रातपाळीचे वॉचमन झाले.

त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक सॉलिसिटर राहत होते. त्यांचं ऑफिस फोर्टात, पण जुन्या ओळखीच्या लोकांची कामं ते संध्याकाळी घरी करायचे. त्यांनीच आबांना म्हटलं होतं, ‘‘तुमचं विल मी करून देतो. पंधरा दिवसांत मसुदा तयार होईल.’’

सॉलिसिटर हा मुंबईचा खास माणूस. इंग्रजांच्या काळात हायकोर्टाच्या मूळ शाखेत कागद सॉलिसिटरनं तयार करायचे आणि कोर्टात उभं राहून बोलायचं बॅरिस्टरनं, अशी वाटणी होती. कायद्यानं ती १ जानेवारी १९७७ला संपवली. तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन लोक सॉलिसिटर होत राहिले. आम्हा गावाकडच्यांना वकील म्हणजे पाटणच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारा, चहा पिता पिता अर्ज लिहिणारा माणूस. हा सॉलिसिटर म्हणजे काहीतरी त्याच्या वरचं. आबा त्यांच्या दिवाणखान्यात कधी खुर्चीवर बसले नाहीत. ‘बसा हो’ म्हटलं तरी दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहायचे, आणि रात्री त्याच जिन्याखाली स्टुलावर बसून त्यांची राखण करायचे.

मी जानेवारीत गेलो. रात्रीच्या एसटीनं परळ, तिथून चालत लालबाग, आणि संध्याकाळी आबांबरोबर करी रोडच्या पुलावरून लोअर परळ स्टेशन, मग चर्नी रोड. साहेबांनी चहा दिला, गोड बोलले, सातबारा पाहिला, आगाऊ पाचशे रुपये घेतले. माणूस वाईट मुळीच नव्हता. फक्त त्यांच्या टेबलावर फायलींची उतरंड होती आणि आमची फाईल त्या उतरंडीत खाली होती.

पंधरा दिवसांनी आबा गेले, तर ‘आठ-अचा उतारा लागेल’. तो मी गावाहून धाडला. तलाठी आठवड्यातून एकदा यायचा, त्यात तीन आठवडे गेले. मग थोरल्या भावाच्या मृत्यूचा दाखला हवा झाला. मग रेशनकार्डाची नक्कल. सगळं एकदम सांगितलं असतं तर एका फेरीत झालं असतं, पण एक कागद पोचला की दुसऱ्याची आठवण व्हायची. एप्रिलमध्ये म्हणाले, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, तेव्हा निवांत करतो. मे महिन्यात ते महाबळेश्वरला गेले. जूनमध्ये कोर्ट उघडलं म्हणून गर्दी. श्रावणात त्यांच्या घरी सत्यनारायण. गणपतीत गिरगावात पाऊल ठेवायला जागा नाही. पितृपक्षात साहेबांच्या आईंनी आतून सांगितलं, ‘‘या पंधरवड्यात असले कागद नकोत रे बाबा.’’ मग दसरा, मग दिवाळीची सुट्टी, मग नाताळची.

प्रत्येक कारण खरं होतं. आबांना तर प्रत्येक कारण पटायचं. मी चिडून म्हणालो, ‘‘आबा, दुसरा वकील बघू. दादरला ओळखीचा एक आहे.’’ तर म्हणाले, ‘‘सायबांनी सबूत दिलाय. त्यांच्या दारात मी रातभर बसतो. मधीच दुसरीकडं गेलो तर त्यांस्नी काय वाटंल?’’

साहेबांकडून कायदा मात्र पक्का कळला. जुलैत त्यांनी तासभर समजावून सांगितलं होतं. पहिली गोष्ट, खोली विलात घालता येणार नाही. भाडेकरूला आपला भाडेहक्क मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८६ सालीच सांगितलेलं आहे. त्या वेळच्या, म्हणजे १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं, भाडेकरू मरताना त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं. म्हणून काकीचं नाव रेशनकार्डावर, मतदारयादीत, तिथंच पाहिजे. दुसरी गोष्ट, बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक होत नाही. तिसरी गोष्ट माझ्या वडिलांच्या तोंडावरची होती. वडील म्हणायचे, ‘‘वडिलार्जित जमीन कुनाला लिवून देता येत न्हाय.’’ साहेब म्हणाले, एकत्र जमीन असली तरी आपल्या वाट्यापुरतं मृत्युपत्र करता येतं, १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात तसं कलमच आहे.

आणि विल केलंच नाही तर? ते विचारलं मीच. साहेबांनी बोटं मोडत सांगितलं. बायको नाही, मूल नाही, आई-वडील नाहीत. मग भाऊ. भावाची विधवा त्या यादीत फार खाली. ‘‘म्हणजे सगळं तुमच्या वडिलांचं,’’ ते माझ्याकडं बघून म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

थोरल्या चुलत्यांचा हिस्सा काकीच्या नावानं सातबाऱ्यावर लागलेला होता, पण तो कागदावर. नांगर आमचाच फिरायचा. आता आबांचाही हिस्सा आमच्याकडं येणार होता. मी गावी परतलो की वडील जेवताना विचारायचे, ‘‘झालं का त्ये?’’ मी म्हणायचो, ‘‘नाही अजून.’’ ते ‘हं’ म्हणायचे आणि आमटी ओतून घ्यायचे. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही. तीस वर्षं त्यांनी त्या जमिनीचे बांध घातले होते, ओढ्याचं पाणी वळवलं होतं. पण गिरगावातल्या टेबलावर ती फाईल जितके दिवस निजून राहत होती, तितकी ती जमीन आमच्या चुलीकडं सरकत होती. साहेबांच्या मनात तसलं काहीही नव्हतं. तरीसुद्धा त्यांच्या उशिरानं एका बाईच्या ताटातला घास आमच्या ताटात पडत होता.

काकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, दीर गिरगावात पगाराच्या कामासाठी हेलपाटे घालतोय.

१९९६च्या जानेवारीत आबांना केईएममध्ये ठेवावं लागलं. आठ दिवसांनी घरी आले, पण नोकरी सुटली. आता मी एकटाच गिरगावात गेलो. साहेबांनी एक मसुदा दाखवला. इंग्रजी. पाच पानं. आबांचं नाव चुकलेलं, गावाचं नाव चुकलेलं, तालुका कराड. ‘‘दुरुस्त करून पंधरा दिवसांत देतो,’’ म्हणाले.

जिना उतरत होतो, तर मागून त्यांचा म्हातारा कारकून आला. हातात पिशवी, तोही घरी निघालेला. ठाकूरद्वारपर्यंत बरोबर चालला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, ‘‘मास्तर, एक विचारू? जमीन गावाला, खोली विलात येत नाही, राहिली बँकेतली ठेव. मग विल मुंबईत कशाला करताय? इथं सही केलीत तर पुढं हायकोर्टाचं प्रोबेट लागेल. त्यात वर्षं जातात. गावी केलंत आणि मुंबईत स्थावर काही नसलं, तर प्रोबेटची सक्ती नाही. स्टॅम्प लागत नाही. साधा कागद चालतो. मराठीत लिहा.’’

मी बघतच राहिलो. तो म्हणाला, ‘‘दोन साक्षीदार मात्र चांगले घ्या. वारसांतले नकोत. सही करताना दोघांनी पाहायचं आणि त्यांच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. आजारी आहेत, म्हणून डॉक्टरचा दाखला जोडा. आणि ठेव दोघांच्या नावानं करून टाका, कोणीही किंवा मागं राहील तो, अशी.’’ एवढं बोलून तो ट्राममधून उतरल्यासारखा झटकन गल्लीत वळला. ट्राम बंद होऊन तीस वर्षं झाली होती, पण ती चाल त्याच्या अंगात राहिलेली.

मी हे आबांना सांगितलं. सबूताचं काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होताच. काकी तिकडं पोळपाटावर होती. तिचा हात थांबला. तिला पहिल्यांदाच उमगलं होतं, वर्षभर काय चाललंय ते. ती म्हणाली, ‘‘माज्यासाटी कोर्टाची पायरी चढू नगासा भावजी. मला काय करायची जमीन?’’

आबा तिच्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ‘‘वैनी, म्या तुमास्नी दान देत न्हाय. ह्ये देनं हाय. दीड वरीस तुमी मला बसवून घातलंसा. त्या पाटल्या कुटं हायत?’’ मग बराच वेळ खोकत बसले.

चैत्रात गावची यात्रा. मुंबईकर यायचेच होते. आबांनाही आणलं, एसटीत पुढची सीट धरून. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत मी शाळेच्या फुलस्केप कागदावर लिहायला बसलो. आबा सांगत होते, मी लिहीत होतो. गट नंबर, हिस्सा, बँकेचं नाव. एवढं झाल्यावर आबा म्हणाले, ‘‘का देतोय त्येबी लिव.’’

मी लिहिलं. त्यांच्याच बोलीत. सन १९८२च्या संपात माझ्या वहिनीनं आपलं सोनं मोडून मला दीड वर्ष जेवू घातलं. त्या वेळी माझ्या घरच्या जमिनीतून मला काही आलं नाही. ते देणं मी या कागदानं फेडतो आहे. कुणी मला भरीला घातलेलं नाही.

साक्षीदार म्हणून गावचे डॉक्टर आणि आमचे निवृत्त हेडमास्तर. मी लांब उभा राहिलो, कारण मी वारसाचा मुलगा. आबांनी दोन्ही पानांवर सही केली. गिरणीत पगाराच्या दिवशी करायचे तशीच, अक्षर अक्षर सुटं. तिसऱ्या दिवशी जीप करून पाटणला दुय्यम निबंधकाकडं नेऊन नोंदवलं. नोंदणी सक्तीची नसते, पण पुढं कुणी ‘हा कागदच खोटा’ म्हणू नये म्हणून केली. सगळं मिळून तीन दिवस. आधीचे पंधरा महिने मी मोजले नाहीत.

आबा त्याच वर्षी मार्गशीर्षात केईएममध्ये गेले.

तेराव्यानंतर मी मृत्युपत्राची नक्कल तलाठ्याकडं दिली. फेरफार नोंद झाली आणि रिवाजाप्रमाणं वडिलांना नोटीस आली, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा. नोटिशीला मृत्युपत्राची नक्कल जोडलेली होती. वडील चौथी शिकलेले. त्यांनी ती दोन पानं घेऊन चष्मा लावला आणि ओट्यावर बसले. मी आत होतो. बराच वेळ आवाज नाही. मग कागद त्यांनी देवळीत ठेवला.

गावात लोक बोलत होतेच. एकानं वडिलांना वकीलही सुचवला होता. आई रोज देवळीकडं बघायची आणि काही बोलायची नाही. चौदाव्या दिवशी सकाळी वडील टोपी घालून चावडीवर गेले आणि हरकत नाही असं लिहून, सही करून आले. रात्री जेवताना म्हणाले, ‘‘संपात म्या दोन पोती तांदूळ धाडलं असतं तर ह्यो कागद झाला नसता.’’ आणखी काही नाही. आमटी मागितली नाही त्यांनी त्या दिवशी.

मला तेव्हा कळलं की ती पाच पानं इंग्रजीत वेळेवर हातात पडली असती, तरी हे झालं नसतं. कायद्याला कारण लागत नाही, माणसाला लागतं. वडिलांना ते कारण स्वतःच्या डोळ्यांनी, आपल्या भावाच्या शब्दांत वाचता आलं, म्हणून त्यांची सही झाली. नाहीतर तोच कागद घेऊन दोन्ही घरं पाटणच्या कोर्टात दहा वर्षं उभी राहिली असती. उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

खोलीचं मात्र सोपं गेलं नाही. घरमालकाचा माणूस येऊन म्हणाला, भाडेकरू गेला, खोली खाली करा. काकीनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, अन्नपूर्णाचं कर्जाचं पुस्तक, सगळं त्याच्यापुढं मांडलं. चाळीतले शेजारी जिन्यात येऊन उभे राहिले. सात-आठ महिने ओढाताण झाली, आणि शेवटी भाडेपावती तिच्या नावानं आली. तिनं ती गणपतीच्या तसबिरीमागं खोचून ठेवली.

आबा जाऊन महिना झाल्यावर गिरगावाहून पाकीट आलं होतं. ‘मसुदा तयार आहे. सवडीनं येऊन पाहावा.’ आत पाच पानं, या वेळी नाव बरोबर, तालुका पाटण. साहेबांना निरोप मी नंतर पोचवला. त्यांना खरंच वाईट वाटलं. पाचशे रुपये परत देऊ लागले, काकीनं घेतले नाहीत. त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर ती पुढं कित्येक दिवस खानावळीचा हिशेब लिहीत होती.

लोक मला आजही विचारतात, मास्तर, मृत्युपत्राला किती खर्च येतो? मी सांगतो, चांगला वकील जरूर विचारा. कायदा बदलत असतो, आणि शहरातल्या जागेचे नियम निराळे. पण वकील ‘पंधरा दिवसांत’ म्हणाला की सोळाव्या दिवशी त्याच्या दारात जा, आणि कुठले कुठले कागद लागतील ते पहिल्याच भेटीत एका चिठ्ठीवर लिहून मागा. भीड त्याच्या खुर्चीची धरू नका. तेवढ्या दिवसांत ज्याचा घास दुसरीकडं सरकतो, त्याची भीड धरा. आणि कशासाठी देताय, ते दोन ओळींत आपल्या भाषेत लिहून ठेवा.

पुढच्या सुगीत वडिलांनी आबांच्या हिश्श्यातलं भात वेगळं मळलं. तांदळाची तीन पोती शिवून एसटीच्या टपावर टाकली. मी म्हटलं, दोनच निघतात हिश्श्याची. ते म्हणाले, ‘‘तिसरं मागचं.’’